सागवानी जमिनीची मंद झळाळी

जुन्या वाड्यांच्या माडीवरील सागवानी फळ्यांच्या जमिनीस चकचकीत व्हार्निश शोभते खरे. पण त्यावर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. मॅट व्हार्निशमधील सिलिकाचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे ओरखडे झाकले जातात. मात्र हेच कण डब्याच्या तळाशी बसतात. डबा हलवल्यास बुडबुडे येतात, म्हणून पट्टीने तळापासून सावकाश ढवळावे. अन्यथा अर्धी खोली चमकते, अर्धी निस्तेज राहते आणि सगळी जमीन पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सागात नैसर्गिक तेल असते. थिनरने पुसून, खिडक्या उघड्या ठेवूनच, पहिला हात द्यावा. पावसाळ्यात थर वाळता वाळत नाही. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे. आमच्या मते खालचे हात चकचकीत देऊन, हलके घासून, केवळ शेवटचा मॅट द्यावा. लाकडाच्या रेषा धूसर होत नाहीत.