गोळ्या संपल्या, तरी दम का लागतो?
टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, बेडक्यात जंतू नाहीत. तरी कोसबाडची टेकडी चढताना धाप लागते. घरचे म्हणतात, बसून राहा. मुकादम म्हणतो, आळशी झाला. दोघेही चुकतात. फुप्फुसावरचे व्रण व्यायामाने जात नाहीत. पण बसून पायांचे स्नायू कमजोर होतात आणि थोड्या चालण्यानेही दम लागतो. डॉक्टरांना विचारून सपाटीवर चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने. दमलात तर थांबा. नाकाने श्वास घ्या, शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडा. खुर्चीवरून उठबस करा. सहा-आठ आठवडे नेटाने केल्यावर फरक कळतो. बिडी आजच सोडा. चुलीचा धूर टाळणे नेहमी आपल्या हातात नसते, निदान त्याच्यासमोर बसू नका. ताप आला, वजन घटले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना गाठा.