शतकमध्यातील आधुनिक घर : रूढ समज आणि वस्तुस्थिती

दुसरे महायुद्ध संपत आले असता, १९४५ च्या जानेवारीत, लॉस एंजेलिसच्या ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ मासिकाचे संपादक जॉन एन्टेन्झा यांनी नव्या काळास साजेशा नमुनेदार घरांची योजना जाहीर केली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या घरांची छायाचित्रे आजही जगभर आस्थेने पाहिली जातात. परंतु ज्या वास्तूंचा परिचय मुख्यतः छायाचित्रांतूनच झाला, त्यांच्याविषयी काही चुकीच्या कल्पना दृढमूल व्हाव्यात हे स्वाभाविकच होते.

काच, पोलाद आणि रितेपणा म्हणजे हे घर, ही त्यांतील सर्वांत प्रबळ कल्पना. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९४९ मध्ये पॅसिफिक पॅलिसेड्स येथे बांधलेल्या स्वतःच्या घराचा दाखला घ्यावा. त्याचा सांगाडा कारखान्यांतून तयार मिळणाऱ्या पोलादी भागांचा होता, हे खरे. पण उतारावरून पुढे झेपावणाऱ्या मूळ आराखड्यामुळे समोरचे कुरण झाकोळले जाईल, हे ध्यानी येताच त्यांनी तो बेत रद्द केला, घर मागे टेकडीच्या कुशीत नेले आणि निलगिरीची झाडे राखली. आत गालिचे, लोककलेच्या वस्तू, शिंपले, ग्रंथ व रोपे यांची प्रेमाने जमवलेली दाटी होती, आणि त्या दाटीत दोघांनीही आमरण संसार केला. अशा घरास शुष्क म्हणणे हा मला सरळ अन्याय वाटतो.

ही शैली धनिकांचीच, हा समज अर्धवट खरा आहे. एन्टेन्झांच्या योजनेतील बहुतेक घरे एकेकटीच राहिली. मात्र जोसेफ आइकलर या व्यावसायिकाने कॅलिफोर्नियात मध्यमवर्गासाठी याच धर्तीची सुमारे ११,००० घरे बांधली; वर्ण वा धर्म न पाहता ती विकण्याचे धोरण ठेवले आणि या प्रश्नावर मतभेद होताच १९५८ मध्ये बांधकाम व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. आज त्या घरांना येणारी भारी किंमत हा नंतरचा इतिहास आहे.

ही केवळ अमेरिकेची मिरास, असेही नाही. डेन्मार्क, फिनलंड, ब्राझील यांनी तिला आपापले रूप दिले; चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी घडवलेल्या पिएर झान्नरे यांच्या सागवान-वेताच्या खुर्च्या त्याच कुळातील. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ईम्स दांपत्याने १९५८ मध्ये सादर केलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचा मनःपूर्वक गौरव आहे, आणि अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली ती त्याच अहवालाच्या प्रेरणेने.

मग ही घरे निर्दोष होती काय? मुळीच नाही. एकपदरी काच उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गारठते, आणि जवळजवळ सपाट छपराची निगा सतत राखावी लागते. म्हणून कोकणच्या पावसात वा विदर्भाच्या उन्हात त्यांची हुबेहूब नक्कल करण्यात शहाणपण नाही. ज्यांना त्या घरांचे आकर्षण वाटते, त्यांनी ऊन कोठून येते, वारा कोठून वाहतो, कोणते झाड वाचवता येईल आणि कुटुंब संध्याकाळी कोठे बसते, एवढे आपल्या वास्तुविशारदापाशी प्रथम बोलावे. छपराचा आकार नंतर ठरवावा.