मांजर ओकतंय आणि खातही नाहीये?

शेजारच्या काकूंचा बोका परवापासून पिवळं पाणी ओकत होता. आवडत्या बांगड्याकडेही ढुंकून बघेना. काकू म्हणाल्या, "उपास घडला की होईल बरा."

मांजराला उपास मानवत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. गुबगुबीत मांजरांना धोका जास्त. हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळसर दिसली, तर ताबडतोब डॉक्टर गाठा.

तोंड उघडू देत असेल तर जिभेखाली बघा. या बोक्याच्या जिभेखाली शिवणाचा दोरा अडकला होता! असा दोरा कधीही ओढू नका. दुसरं टोक पोटात, आतड्यात असू शकतं आणि ओढल्यावर आतडं कापलं जातं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो काढला. बोका आता थोडंथोडं खातोय.

पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजरासाठी ते विषच आहे. घरात लिलीची फुलं असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिच्या परागांनीही मूत्रपिंडं निकामी होतात.

लस न दिलेलं पिल्लू ओकत असेल, तर सकाळची वाट बघू नका. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार फार झपाट्याने वाढतो.

जाताना उलटीचा फोटो घेऊन जा. काही शंका असेल तर खाली जरूर विचारा.