जिवंत दगड हलवण्याआधी

खाऱ्या पाण्याचा फिश टँक पाहायला आलेल्या पाहुण्यांची नजर आधी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांवर जाते, मग डोलणाऱ्या प्रवाळांवर. दगडांकडे सहसा कुणी पाहत नाही. खरे तर टँकमधला सारा संसार त्या दगडांवरच चालतो. म्हणून "मांडणी जरा बदलू या, सोफ्यावरून छान दिसेल" असे घरात कुणी म्हणाले, की आम्ही आधी विचारतो : हा बदल कुणासाठी? आपल्या डोळ्यांसाठी, की आत राहणाऱ्यांसाठी?

आमचे लोणी काळभोर समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. इथे समुद्र घरीच तयार करावा लागतो. बोअरचे जड पाणी चालत नाही, नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून आर.ओ.चे पाणी घ्यायचे, त्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ मिसळायचे आणि तापमान 25-26 अंशांवर ठेवायचे. एवढी उठाठेव ज्यांच्यासाठी करायची, त्यांच्या घराला हात लावताना घाई करून कसे चालेल?

दगड जिवंत कसा?

या दगडाला शौकीन मंडळी 'लाइव्ह रॉक' म्हणतात. दगड स्वतः जिवंत नसतो, पण तो सच्छिद्र असतो आणि त्याच्या छिद्राछिद्रांत अब्जावधी जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विषच. दगडावरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट. दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो तिथे, दुसरे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. म्हणजे टँकचे स्वयंपाकघर, मोरी आणि सफाई खाते, सगळे या दगडांत आहे. दगड वाळला किंवा गोड्या पाण्याने धुतला, तर हे जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत मासे पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकू लागतात.

कुरआनात सूरह रहमानच्या 22 व्या आयतीत मोत्यांसोबत 'मरजान'चा उल्लेख आहे. उर्दूत त्याला मूंगा म्हणतात, मराठीत पोवळे किंवा प्रवाळ. अंगठीतले पोवळे आपण पाहतो, पण प्रवाळ हा मुळात प्राणी आहे, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात.

हाजी अलीचा धडा

प्रवाळ फक्त लक्षद्वीपला किंवा अंदमानला असतात, असा आपला समज. मुंबईत हाजी अली दर्ग्याच्या जवळ आणि वरळीच्या खडकांवरही ते आहेत. सागरी किनारा रस्त्याचे काम त्यांच्यावर येऊ लागले, तेव्हा 2020 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली आणि वन खात्याची परवानगी घेऊन प्रवाळांच्या 18 वसाहती हलवण्यात आल्या. काही हाजी अलीजवळच सुरक्षित जागी, तर वरळीतल्या कुलाब्याला नेल्या. संख्येने इतक्या थोड्या वसाहती, पण त्यांच्यासाठी आधी पाहणी, मग परवानगी, मग नवी जागा आणि त्यानंतर देखरेख, असा सारा क्रम पाळावा लागला. घरच्या टँकलाही हाच क्रम लागू आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा खडक उचलून आणणे, तो मेलेला असला तरी, गुन्हा ठरतो. मालवणला सहलीला गेल्यावर आठवण म्हणून तुकडा खिशात टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिथले सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. टँकसाठी माणसाने बनवलेले सच्छिद्र दगड मिळतात. त्यांवर जिवाणू वाढवायला काही आठवडे, कधी महिने लागतात, पण ते दगडही पुरते 'जिवंत' होतात. प्रवाळ घ्यायचेच असतील, तर परवान्याची कागदपत्रे पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

कधी हलवावे, कसे हलवावे

दगड डगमगत असेल, मागे घाण साचून पाणी फिरत नसेल, किंवा वाढलेले दोन प्रवाळ एकमेकांना डंख मारत असतील, तर हलवणे गरजेचे. नवा मासा आणताना जुना मासा दादागिरी करत असेल, तरीही मांडणी बदलण्याचा उपयोग होतो. जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नव्याने जागा शोधतात. केवळ कंटाळा आला म्हणून हात घालू नये.

ठरलेच, तर आदल्या दिवशी टँकच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके मीठपाणी तयार ठेवावे. आर.ओ.मधून वाया जाणारे पाणी फरशी पुसायला वापरावे. टँकरचे पाणी वापरणाऱ्या घराला इसराफ म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आधी जुन्या मांडणीचा फोटो काढावा. मग हीटर आणि पंपाचे प्लग काढूनच पाण्यात हात घालावा. हातावर साबण, क्रीम, अत्तर काहीही नसावे.

एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त दगड हलवू नयेत. काढलेला दगड टँकच्याच पाण्याने भरलेल्या टबमध्ये बुडवून ठेवावा. सर्वांत खालचा दगड वाळूवर नव्हे, थेट तळावर टेकवावा. काही मासे आणि कोळंब्या वाळू उकरतात. वाळूवरचा दगड कलंडला, तर काच फुटते आणि पाणी थेट दिवाणखान्यात. मागच्या काचेपासून चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे पाणी फिरते. वाळूचा जाड थर ढवळू नये, खाली साचलेली घाण वर येते.

मुलांना दूर ठेवा

एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावी. झोअँथिड नावाच्या, बटणांसारख्या दिसणाऱ्या काही देखण्या प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. 2018 मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हनटन गावात टँकमधले प्रवाळ काढताना हे विष हवेत पसरले. घरातल्या लोकांना आणि मदतीला धावून आलेल्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून असे दगड कधीही उकळू नयेत, गरम पाण्यात टाकू नयेत, कोरडे घासू नयेत. लांब हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा वापरावा. हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याकडे द्यावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नंतर ताप, खोकला, श्वास लागणे असे काही वाटले, तर डॉक्टरांना टँकबद्दल आवर्जून सांगावे. नाहीतर साधा फ्लू समजून वेळ जातो.

काम झाल्यावर आठवडाभर अमोनिया रोज तपासावा. तो शून्यच असला पाहिजे. वाढला, तर तयार ठेवलेल्या पाण्याने थोडे पाणी बदलावे आणि खाद्य कमी करावे. सावलीतला प्रवाळ उजेडात आला असेल, तर काही दिवस दिव्याची वेळ कमी ठेवावी, नाहीतर तो पांढरा पडतो. उरलेले दगड दोन आठवड्यांनीच हलवावेत.

प्राणी पाळणे इस्लामला नामंजूर नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या लहान भावाचा, अबू उमैरचा, पाळलेला पक्षी मेला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या बालकाची मायेने विचारपूस केली, अशी हदीस आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीसही आपल्याला ठाऊक आहे. या दोन्ही गोष्टी मुलांना एकत्र सांगाव्यात. टँकमधला मासा समुद्रातल्यासारखा दुसरीकडे निघून जाऊ शकत नाही. त्याचे पाणी, त्याचा निवारा, त्याची हवा आपल्या हाती दिलेली अमानत आहे. टबमधला दगड परत जागेवर ठेवताना आमच्या घरची मुलेही आता विचारतात, "या बिळात कोण राहतं? त्याचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं?" दगड हलवण्याआधी प्रत्येक घरात हा प्रश्न विचारला जावा.