कोऱ्या पत्राला ओवीचे उत्तर

चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे तपासणी विभागात होतो. हातात मायक्रोमीटर, समोर ठरलेले माप. सुट्टीच्या दिवशी जवळच्या आळंदीला जायचो आणि ‘चांगदेव पासष्टी’ वाचायचो. तेव्हा एक गोष्ट खटकायची : ओवीचे चरण सारख्या लांबीचे नसतात. ही ढिलाई, की योजना?

पासष्टी हे ६५ ओव्यांचे पत्र. परंपरा सांगते की, ज्ञानदेव वयाने लहान पण ज्ञानाने मोठे. त्यांना आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे न उमगल्याने चांगदेवांनी कोराच कागद पाठवला. उत्तर देणाऱ्यापुढेही तोच पेच होता. ज्ञानदेवांनी आरंभीचे ‘स्वस्ति’ वाहिले ते वटेशाला, चांगदेवांच्या आराध्याला. थोरला-धाकटा हा प्रश्नच मिटला. पुढे ‘चांगया’ ही जवळिकीची हाक येते.

आता रचना पाहू. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात. चौथा बहुधा आखूड आणि यमकाविना. सोन्याच्या ओवीत चरणान्ती ‘उणे’, ‘लेणे’, ‘होणे’ येतात. दागिना झाला तरी सोने कमी होत नाही, हा विचार त्या तीन शब्दांतच ऐकू येतो. ‘सोने’ला लागूनच ‘सोनेपण’ येते : शब्द तोच, रूप निराळे. चौथा चरण मात्र चार अक्षरांत थांबतो.

इंग्रजीत अलेक्झांडर पोपने १७३४ मध्ये आपले डॉक्टर स्नेही आर्बथनॉट यांना पद्यपत्र लिहिले. तिथे साधारण दहा-दहा अक्षरांच्या दोन ओळींचे यमक दर वेळी कुलूप लावल्यासारखे मिटते. टीकाकारांना टोले हाणायला ते सोयीचे. ओवी असे मिटत नाही. चौथ्या चरणानंतर ऐकणाऱ्याला जागा राहते.

पासष्टीचा गद्य अर्थ सांगितला, तर वयोवृद्ध योग्याला तरुणाने दिलेला उपदेश तेवढा उरतो. मोठ्याने वाचली, की उपदेशाचा सूर विरतो. पाण्याचा ठाव घ्यायला गेलेले मीठ पाण्यातच विरते, हा दृष्टान्तही तिथेच आहे. अखेरीस ज्ञानदेव या ओव्यांचाच आरसा करायला सांगतात. यमकही आरसाच : एका ध्वनीत दुसरा दिसतो.

मायक्रोमीटर आता कपाटात आहे. ओवीचे माप कानाने घ्यायचे असते, हे मला उशिरा कळले.