पतअहवालास कुलूप

ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथें भाड्याचें घर घेऊं पाहणाऱ्या गृहस्थास आधीं झेरॉक्सचें दुकान गांठावें लागतें. आधार आणि पॅन या दोन कार्डांच्या प्रती घरमालकास, दलालास, सोसायटीच्या कार्यालयास द्यावयाच्या असतात. भाडेकराराची नोंदणी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें सक्तीची आहे, व तें योग्यच आहे. पण त्या निमित्तानें फिरलेल्या प्रती शेवटीं कोणाच्या कपाटांत जाऊन पडतात, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं.

अशी प्रत भामट्याच्या हातीं लागली म्हणजे घर फोडण्याचे श्रम त्यास उरत नाहींत. दुसऱ्याच्या नांवें तो लहानसें कर्ज उचलूं पाहतो. तें साधलें कीं पैसा त्याच्या खिशांत जातो आणि थकबाकी मूळ माणसाच्या पतअहवालांत उमटते. या अहवालास लोक नुसतें ‘सिबिल’ म्हणतात. वास्तविक सिबिल ही चार कंपन्यांपैकीं एक असून एक्सपीरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या दुसऱ्या तीन होत. बिचाऱ्या गृहस्थास हें सारें कळतें तें बहुधा घरासाठीं मागितलेलें कर्ज बँकेनें नाकारल्यावर.

अमेरिकेंत यावर सरळ उपाय आहे. तेथील नागरिक आपला अहवाल गोठवूं शकतो. गोठविलेला अहवाल नव्या सावकारास पाहतां येत नाहीं, आणि तो पाहिल्यावांचून सहसा कोणी कर्ज देत नाहीं. स्वतःस कर्ज हवें असल्यास तेवढ्यापुरतें कुलूप काढावयाचें. २०१७ सालीं इक्विफॅक्सकडून चौदा कोटींहून अधिक अमेरिकनांची माहिती चोरीस गेली. त्यानंतर सप्टेंबर २०१८ पासून ही सोय कायद्यानें तेथें विनामूल्य झाली.

आपल्याकडील २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यांत असा हक्क नाहीं. अहवाल कर्जदाराचा, पण किल्ली त्याच्या हातीं नाहीं. ही उणीव लहान म्हणतां येणार नाहीं. तूर्त दाराशीं पहारा तेवढा करतां येतो. प्रत्येक कंपनीनें वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही अहवाल एकदम न मागवितां दर तीन महिन्यांनीं एकेक मागविल्यास वर्षभर नजर राहते. शिवाय, कोणा बँकेनें अहवाल उघडला तर त्याची सूचना मोबाइलवर वा ईमेलनें धाडावी, असा हुकूम ऑक्टोबर २०२३ मध्यें निघाला. मात्र कंपनीच्या दफ्तरीं जुनाच क्रमांक राहिला असल्यास ती सूचना पोहोंचावी कशी?

आधारची प्रत देतांना पहिले आठ अंक झांकलेली प्रत चालते का, हें विचारावें. आधारवरील बोटांचे ठसे बंद करून ठेवण्याची सोयही आहे. पण तिनें ठशांचा दुरुपयोग थांबतो, झेरॉक्सचा नव्हे.

अनोळखी कर्ज दिसलेंच, तर त्याच दिवशीं कर्ज देणाऱ्या संस्थेस व त्या कंपनीस लेखी कळवावें आणि १९३० या क्रमांकावर फसवणुकीची तक्रार नोंदवावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये तक्रारदारास मिळावेत, असा नियम आहे. त्यानेंही भागलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. या कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेंत आल्या आहेत.