ब्रेक नवा, नियम जुना

मोटारींच्या जाहिरातीत ‘एबीएस’ ही अक्षरे तुम्ही पाहिली असतीलच. १९७८ साली जर्मनीतील बॉश कंपनीने ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बाजारात आणली. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींनाही ती सक्तीची झाली. ती काय करते? आणि ती असली की भरधाव जाण्यास हरकत नाही काय?

साधा ब्रेक करकचून दाबला की चाक जखडते; गाडी मात्र जडत्वामुळे पुढे घसरत जाते. फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून तेथे स्थितिक घर्षण मिळते. जखडलेल्या चाकाला मिळते ते गतिक घर्षण, आणि ते कमी असते. शिवाय घसरणारे चाक स्टिअरिंगलाही जुमानत नाही. एबीएसमध्ये चाकांचा वेग मोजणारे संवेदक असतात. चाक जखडू लागले की यंत्रणा ब्रेकमधील तेलाचा दाब क्षणभर कमी करते आणि पुन्हा वाढवते. सेकंदात असे अनेकदा घडते. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. हा तिचा मोठा फायदा. सुट्या खडीवर मात्र अशी गाडी थांबायला अधिक अंतर घेऊ शकते.

आता थोडे गणित करू. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या ब्रेकने मिळणारे ऋण त्वरण ७ मी/से² धरू. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद जातो असे मानू.

दोन मोटारी शेजारून चालल्या आहेत. एक ताशी ८० किलोमीटर, दुसरी ताशी १००. म्हणजेच सेकंदाला २२.२ आणि २७.८ मीटर. दोघींच्या चालकांना पुढचा अडथळा एकाच क्षणी दिसतो. पहिली गाडी त्या एका सेकंदात २२.२ मीटर जाईल. त्यानंतरचे अंतर u²/२a, म्हणजे ३५.३ मीटर. एकूण ५७.५ मीटर. अडथळा नेमका तेवढ्याच अंतरावर असेल, तर ती जेमतेम वाचेल.

दुसरीचे काय? तिचे २७.८ मीटर पहिल्याच सेकंदात संपले. ब्रेकसाठी उरले २९.७ मीटर. v² = u² − २as या सूत्राने शेवटचा वेग येतो सेकंदाला १८.९ मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर! वेगातला फरक फक्त २०चा. पण एक गाडी थांबते आणि दुसरी ६८च्या वेगाने आदळते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

काही नव्या मोटारी रडार किंवा कॅमेऱ्याने अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावतात. त्यामुळे १ सेकंदाऐवजी ०.३ सेकंदच लागला, तर दुसऱ्या गाडीचे १९ मीटरहून अधिक अंतर वाचेल. तरीही ती ताशी ३३ किलोमीटरने आदळेलच. हानी पुष्कळ घटेल, पण टळणार नाही.

खरा धोका यंत्रात नसून भरवशात आहे. १९८०च्या दशकात म्युनिक शहरातील काही टॅक्सींना एबीएस बसवून त्यांची इतर टॅक्सींशी तुलना करण्यात आली. अपघातांच्या संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. एबीएसवाले चालक अधिक बेदरकारपणे गाडी हाकत होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्चून टाकली.

ओल्या रस्त्यावर ऋण त्वरण ४ मी/से² धरून हेच गणित तुम्ही करून पाहा. पावसात वेग किती ठेवावा, हे ते उत्तरच तुम्हाला सांगेल.